ग्रंथ आधी, पंथ मागून
पाश्चात्त्य गूढविद्येची पुस्तके : लेखांक ४

मागच्या लेखात आपण १६१४ सालापाशी थांबलो होतो. ज्या हर्मेटिक ग्रंथांना युरोप मोझेसच्या काळाइतके जुने मानत आला होता, ते इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत लिहिले गेले असले पाहिजेत, हे आयझॅक कॅसॉबॉन या पंडिताने त्या वर्षी लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथात सिद्ध केले. त्याच वर्षी जर्मनीतल्या कासेल शहरात विल्हेल्म वेसेल या मुद्रकाने एक निनावी पुस्तिका छापली. तिचे नाव ‘फामा फ्रॅटरनिटॅटिस’. रोझिक्रूशियन, म्हणजे गुलाब आणि क्रूस ही खूण मिरवणाऱ्या बंधुसंघाचा हा पहिला छापील जाहीरनामा. एका गुह्य परंपरेचे प्राचीनत्व मोडीत निघाले, त्याच वर्षी दुसरी जन्माला आली.

गुप्त मंडळांवरची पुस्तके हातात घेताना आपण एक क्रम गृहीत धरतो. आधी मंडळ असते, त्याची रहस्ये असतात. मग कुणी तरी ती फोडतो आणि त्याचे पुस्तक होते. रोझिक्रूशियनांच्या बाबतीत घडले ते नेमके उलट. पुस्तक आधी आले. ज्या संघाची हकिगत त्यात होती, तो तेव्हा कुठे अस्तित्वात होता याचा पुरावा आजतागायत मिळालेला नाही. पुढे जे खरेखुरे संघ निघाले, ते या पुस्तकाच्या वाचकांनी काढले. एवढे ध्यानात ठेवले, तर या विषयावरच्या निम्म्याअधिक लोकप्रिय पुस्तकांतला गोंधळ आपोआप दूर होतो.

‘फामा’तली गोष्ट अशी आहे. एक जर्मन तरुण तीर्थयात्रेला निघतो. जेरुसलेमची वाट सोडून तो दमास्कसहून अरबस्तानात जातो आणि तिथल्या विद्वानांकडून वैद्यक व गणित शिकतो. मग इजिप्तमार्गे मोरोक्कोतल्या फेझला पोहोचतो. मिळालेले ज्ञान घेऊन तो स्पेनमध्ये येतो, तर तिथले पंडित त्याला उडवून लावतात, कारण नवे शिकायचे तर आपले जुने चुकले हे कबूल करावे लागेल. तो मायदेशी परततो आणि मोजक्या सोबत्यांसह एक संघ स्थापतो. ‘फामा’त हा माणूस केवळ आद्याक्षरांनी ओळखला जातो. पुढच्या वर्षी, १६१५मध्ये, ‘कन्फेसिओ’ हा दुसरा जाहीरनामा निघाला. त्यात त्याचा जन्म १३७८चा आणि आयुष्य १०६ वर्षांचे सांगितले आहे. ख्रिश्चन रोझेनक्रॉइट्स हे पूर्ण नाव वाचकांपुढे आले, ते १६१६मध्ये स्ट्रासबुर्गला छापलेल्या ‘रासायनिक विवाह’ या अद्भुत कथेतून.

संघाचे नियम सहाच. बंधूंनी रुग्णांवर उपचार करावेत आणि तेही मोफत. दुसरा कोणताही व्यवसाय सांगू नये. वेगळा वेश न घेता ज्या देशात राहायचे तिथल्यासारखे कपडे करावेत. वर्षातून एकदा ठरल्या दिवशी एकत्र यावे. प्रत्येकाने आपल्यामागे लायक माणूस तयार करावा. आद्याक्षरे हीच खूण आणि मुद्रा. आणि शंभर वर्षे संघ गुप्त ठेवावा. गंडेदोरे, भुतेखेते, शत्रूवर प्रयोग असले काही या यादीत नाही. सोने बनवण्याच्या वेडावर तर ‘फामा’त चक्क टीका आहे. भगवी किंवा काळी कफनी न घालता रोग्याची फुकट सेवा करणारे, लोकांत मिसळून जाणारे विद्वान हे त्या पुस्तिकेचे स्वप्न आहे.

गोष्टीचा शेवटचा भाग सर्वांत प्रसिद्ध झाला. संस्थापकाच्या मृत्यूनंतर १२० वर्षांनी बंधूंना त्याची समाधी सापडते. सात भिंतींचे दालन, प्रत्येक भिंत पाच फूट रुंद आणि आठ फूट उंच. सूर्याचा किरण आत शिरत नाही, तरी छतातल्या कृत्रिम सूर्याने दालन उजळलेले आहे. मधोमध गोल वेदी, तिच्याखाली पितळी पत्रा आणि त्याखाली न कुजलेला देह, हातात चर्मपत्राची पोथी. ही मापे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. गोष्टीतल्या वर्षांचा हिशेब केला, तर समाधी उघडल्याचे साल १६०४ येते. त्याच वर्षी आकाशात नवा तारा दिसला होता. केप्लरने त्यावर ग्रंथ लिहिला, आणि ‘कन्फेसिओ’तही नव्या ताऱ्यांचा उल्लेख शुभसूचना म्हणून आला आहे.

हे लिहिले कोणी? दक्षिण जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाच्या आसपास टोबियास हेस, क्रिस्टोफ बेझोल्ड आणि योहान व्हालेंटिन आंद्रेए अशी मित्रमंडळी होती. अभ्यासकांचे बोट आज त्यांच्याकडे जाते. आंद्रेए हा तरुण लूथरपंथी धर्मोपदेशक, जन्म १५८६चा. ‘रासायनिक विवाह’ आपण कोवळ्या वयात लिहिल्याचे त्याने आत्मचरित्रात मान्य केले, पण त्याला एक खेळ म्हणून बाजूला सारले. दोन जाहीरनाम्यांवर मात्र त्याने कधी हक्क सांगितला नाही. त्यांची हस्तलिखिते छापण्याआधीच हातोहात फिरत होती. आडाम हासलमायर नावाच्या टिरोलमधल्या गृहस्थाला १६१०च्या सुमारास त्यातले एक मिळाले आणि त्याने भारावून उत्तर लिहिले. त्याला पकडून वल्ह्यांच्या गलबतावर बेड्यांत पाठवले गेले, ही बातमी ‘फामा’च्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावरच छापलेली आहे. संघ खरा असो वा नसो, त्यावर विश्वास ठेवणाऱ्याची शिक्षा खरी होती.

मग उत्तरांचा पूर आला. संघात घ्या म्हणून विनवणारी, संघाला सैतानी ठरवणारी, त्याची बाजू मांडणारी शेकडो पत्रके आणि पुस्तके काही वर्षांत छापली गेली. सम्राट दुसरा रुडॉल्फ याचा वैद्य राहिलेला मिखाएल मायर आणि लंडनचा वैद्य रॉबर्ट फ्लड यांनी संघाची वकिली केली. मायरचे १६१७चे ‘अटलांटा फ्युजिएन्स’ हे किमयेवरचे पुस्तक तर एकमेवच म्हणावे लागेल: पन्नास कोरीव चित्रे, प्रत्येकाला पद्य, आणि प्रत्येकासाठी स्वरलिपीत बांधलेली संगीतरचना. म्हणजे ते पाहायचे, वाचायचे आणि गायचे. देकार्त तरुणपणी जर्मनीत असताना या बंधूंच्या शोधात होता, असे त्याचा चरित्रकार बाये सांगतो. त्याला कोणी भेटले नाही. १६२३मध्ये पॅरिसच्या भिंतींवर अदृश्य बंधू शहरात आल्याची पत्रके लागली. नेमका तेव्हा देकार्त परतला आणि आपण त्यांच्यातले नाही हे दाखवायला लोकांत उघडपणे वावरू लागला.

तोवर जर्मनी तीस वर्षांच्या युद्धात होरपळू लागली होती. फ्रान्सिस येट्स या इंग्रज विदुषीने १९७२च्या आपल्या ग्रंथात या जाहीरनाम्यांचा संबंध फ्रेडरिक पाचवा या प्रोटेस्टंट राजाच्या राजकीय आशांशी जोडला. या राजाचा १६२०मध्ये प्रागजवळ पराभव झाला. तिची मांडणी नंतरच्या संशोधकांनी बऱ्याच ठिकाणी खोडली. तरी या पुस्तिकांना गंभीर इतिहासाच्या टेबलावर आणण्याचे श्रेय तिचेच, आणि ती लिहितेही सुरेख.

खरे संघ आले ते नंतर. अठराव्या शतकात जर्मन प्रदेशात सुवर्ण-गुलाब-क्रूस नावाचा पायऱ्यापायऱ्यांच्या दीक्षेचा संघ उभा राहिला. पुढे प्रशियाचा राजा झालेला फ्रेडरिक विल्हेल्म दुसरा त्याचा सदस्य होता. १८८८मध्ये लंडनला ‘गोल्डन डॉन’ची स्थापना झाली. तिच्या आतल्या वर्तुळाचे नावच रक्तगुलाब आणि सुवर्णक्रूस यांच्यावरून ठेवलेले. दीक्षेसाठी या मंडळींनी एक दालन बांधून घेतले: सात भिंती, प्रत्येक पाच फूट रुंद आणि आठ फूट उंच. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या कथेतली जागा सुताराने मापे घेऊन लंडनमध्ये उभी केली. माझ्या लेखी या लेखमालेतली याहून मोठी घटना नाही.

कवी डब्ल्यू. बी. येट्स १८९०पासून या मंडळात होता. हाच येट्स उतारवयात विदर्भातल्या बडनेऱ्याच्या श्री पुरोहित स्वामींबरोबर दहा उपनिषदांच्या इंग्रजी अनुवादाला बसला. ते पुस्तक १९३७मध्ये निघाले. योगायोग असा, की त्याच वर्षी इस्राएल रेगार्डीने शिकागोतून ‘गोल्डन डॉन’चे विधी छापायला सुरुवात केली आणि १९४०पर्यंत चार खंड पुरे केले. शपथभंग केल्याबद्दल त्याच्यावर जुन्या सदस्यांचा रोष ओढवला. पण ती पाने टिकली ती त्याच्यामुळेच, आणि आज जगभर चालणारी कितीतरी मंडळे ते खंड समोर ठेवूनच निघाली आहेत.

आंद्रेएचे पुढे काय झाले हे मात्र या विषयावरच्या पुस्तकांत क्वचित सापडते. १६१९मध्ये त्याने ‘क्रिस्टियानोपोलिस’ लिहिले. त्यातल्या आदर्श नगरात प्रयोगशाळा आहेत आणि मुलींनाही शाळा आहे. नंतर तो काल्व गावी मुख्य धर्माधिकारी झाला. तिथे कापड रंगवण्याच्या धंद्यातल्या सधन मंडळींना एकत्र आणून त्याने १६२१मध्ये गरिबांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी निधी उभारला. १६३४मध्ये सैन्याने काल्व जाळले, त्यात त्याचे घर आणि ग्रंथसंग्रह गेला. तरी तो मदतीसाठी पैसे जमवत राहिला. ‘फामा’ वाचायला घ्याल तेव्हा सोबत ‘क्रिस्टियानोपोलिस’ही घ्या, आणि येट्सबाईंचा ग्रंथ या दोन्हींनंतर. पुढच्या आठवड्यात मायरच्या चित्रांकडे वळू.