‘हो रे, सकाळीच कळलं!’

पुढच्या महिन्यात बदल्यांची यादी लागणार, असं ऑफिसातल्या एकाच्या कानावर जिन्यात येतं. चहाच्या टपरीपर्यंत पोचेतो ते तिघांना ठाऊक झालेलं असतं. जेवणाच्या सुट्टीत तो चौथ्याला बाजूला घेतो, आवाज खाली आणतो, तर समोरचा म्हणतो, ‘हो रे, सकाळीच कळलं.’ सांगणाऱ्याचा चेहरा पडतो. पाचव्याकडे तो जातच नाही.

या पडलेल्या चेहऱ्याचं गणित डेली आणि केंडल या दोन गणितज्ञांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. फ्लूचा रोगी आपला आपण बरा होतो; वावडी उठवणारा मात्र दुसऱ्या कुणाची गाठ पडल्यावर गप्प बसतो. म्हणून त्यांनी माणसांचे तीन गट केले: बेखबर, सांगत सुटलेले आणि ऐकून गप्प झालेले.

संगणकावर हा खेळ सहज मांडता येतो. शंभर ठिपके म्हणजे शंभर कर्मचारी. दर फेरीला कुठलेही दोघे भेटतात. सांगणारा बेखबर माणसाला भेटला, की तोही सांगू लागतो. दोन सांगणारे समोरासमोर आले, तर दोघंही गप्प. गप्प झालेला भेटला, तरी सांगणाऱ्याचा उत्साह मावळतो. खऱ्याखोट्याची चौकशी या नियमांत कुठेच नाही, तरीही वावडी विझते. कर्मचारी हजारोंनी असले आणि ती एकदा नीट पेटली, तर सुमारे २० टक्के लोकांच्या कानावर ती शेवटपर्यंत जात नाही.

खऱ्या ऑफिसात मात्र कुणीही कुणालाही भेटत नाही. अकाउंट्सवाले अकाउंट्सवाल्यांशी बोलतात. सगळ्या मजल्यांवर ये-जा असते ती एखाद्या शिपायाची. अर्जेंटिनातले भौतिकशास्त्रज्ञ डॅमियन झानेट यांनी २००१ मध्ये दाखवलं, की असे दूरचे धागे एका प्रमाणापेक्षा कमी असतील, तर बातमी आपल्याच कोपऱ्यात विरते.

शिवाय सगळेच तोंडाळ नसतात. कीथ डेव्हिस यांनी १९५३ मध्ये एका अमेरिकी कंपनीतल्या कुजबुजीचा माग काढला होता. एक अधिकारी नोकरी सोडणार, हे ८१ टक्के अधिकाऱ्यांना कळलं होतं. पुढे सांगितलं फक्त ११ टक्क्यांनी.

संगणकावर तोच खेळ पुन्हा पुन्हा चालवला, तर दरवेळी चित्र बदलतं. कधी पहिले दोघेच लगेच पुन्हा एकमेकांना भेटतात आणि गप्प होतात. मग उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांना बदल्यांची यादी थेट नोटीस बोर्डावरच दिसते.