यंत्राचा आवाज आणि घरधन्याचे कान

राळेगावात जिनिंगमध्ये जाणारे 'हे' हल्ली टी.व्ही. फार मोठा लावत असतील, तर हसण्यावारी नेऊ नका. यंत्राच्या आवाजानं आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात, आणि गेलेले परत येत नाहीत. ऑडिओमेट्रीत प्रत्येक कानाला निरनिराळे स्वर ऐकवून आलेख काढतात. पाळीवरून थेट जाऊ नये, कान बधिरलेले असतात, सुटीनंतर जावं. पूर्ण बहिरेपणा म्हणजे कमाईची ताकद शंभर टक्के गेली, असं कायदा धरतो. अर्धवट असला तर टक्के डॉक्टर ठरवतात, नि वाद तिथंच! २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा धंद्याचा रोग आहे. पण एका मालकाकडे सलग सहा महिने नोकरी हवी. हंगामी माणूस इथंच अडतो. हजेरीच्या, पगाराच्या चिठ्ठ्या लुगड्यांच्या घडीत का होईना, जपून ठेवा.