कोटजाईकाठची लेणी आणि पावसाचे रसायन

हिमालयातील स्पितीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या ताबो या चिमुकल्या खेड्यात इ. स. 996 साली स्थापन झालेला बौद्ध मठ मातीच्या भिंतींनिशी हजार वर्षे टिकतो, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या दापोली तालुक्यात मौजे पन्हाळेकाजी येथील लेण्यांत पाषाणात कोरलेल्या मूर्तींची नाके-डोळे मात्र पुसट होतात, हे कसे, असा प्रश्न एका वाचकाने केला आहे. याचे श्रेय एखाद्या लुप्त गुप्तविद्येला देण्याची जी प्रवृत्ती हल्ली बळावली आहे, तिला माझी मुळीच संमती नाही. कारण उत्तर आकाशात आहे. नैऋत्येचे ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात, स्पितीत पाऊस नावापुरता पडतो, आणि कोरड्या हवेत कच्च्या विटेची भिंतही दीर्घायुषी ठरते.

दापोलीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. हवेतील कार्बन डायॉक्साइड विरघळल्याने किंचित आम्लधर्मी झालेले हे पाणी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेल्या बेसाल्टच्या भेगांत शिरते, त्यातील फेल्डस्पारची चिकणमाती करते, आणि सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून नेते. मागे लोह व ॲल्युमिनियम यांचा जो चोथा उरतो, तोच आपल्या घरांचा तांबडा जांभा. चार महिने चिंब भिजायचे आणि आठ महिने वाळायचे, या क्रमात चिकणमाती फुगते, आकसते, आणि पाषाणाचा पापुद्रा सुटतो.

अशा झिजलेल्या दगडाचा दाखला वाचणे हे सोपे काम नव्हे. ते मधुसूदन नरहर देशपांडे यांनी केले, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालकपद भूषविलेल्या या मराठी संशोधकाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळावे, याचा मला मनस्वी खेद वाटतो. कोटजाई नदीकाठच्या या 29 लेण्यांत हीनयान बौद्धांचे आरंभीचे विहार, दहाव्या-अकराव्या शतकांतील वज्रयानी म्हणजे तांत्रिक बौद्ध उपासना, शिलाहार राजांच्या अमदानीतील गाणपत्य म्हणजे गणेशोपासकांची शिल्पे आणि शेवटी नाथपंथीयांची वहिवाट असे एकावर एक थर त्यांनी मूर्तिलक्षणांवरून उलगडले. शके 1061 च्या शिलाहार विक्रमादित्याच्या ताम्रपटातील ‘प्रणालक’ म्हणजेच हे पन्हाळे. येथे सापडलेली महाचंडरोषण या वज्रयानी देवतेची मूर्ती तर विशेष मोलाची, कारण तिची उपासना नेपाळच्या नेवार बौद्धांत अद्याप चालू आहे. दहाव्या-अकराव्या शतकांत, म्हणजे ताबोचा मठ उभा राहिला त्या सुमारास, वज्रयानाचे साधक या सागरसन्निध मुलखातही नांदत होते. देशपांडे यांचा या लेण्यांवरील ग्रंथ 1986 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याचा मराठी अनुवाद रत्नागिरी जिल्ह्यातील प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असावयास हवा.