बाई गप्प राहिल्या तेव्हा

वेळणेश्वरला ओहोटी लागली की ओल्या पुळणीवर एक पसारा मांडला जातो. वाटाण्याहून बारीक अशा वाळूच्या गोळ्या, हजारोंनी. वाकून पाहिलं की मधोमध एक बीळ दिसतं आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या रांगा, सूर्याच्या किरणांसारख्या फाकलेल्या. या रांगांमधून बिळापर्यंत जाणारी एक अरुंद वाट मात्र स्वच्छ मोकळी. न हलता बसलात तर कारागीरही बाहेर येतो: नखाएवढा खेकडा, रंगाने वाळूसारखाच.

समजा, गावातल्या शाळेच्या बाई चौथीचा वर्ग घेऊन इथे आल्या आहेत. त्या सांगू शकतात, "मुलांनो, हा खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो." माहिती अगदी बरोबर. मुलं "हो बाई" म्हणतील आणि लाटांकडे पळतील. किंवा बाई बिळापाशी उकिडव्या बसतील, मोकळ्या वाटेवर बोट ठेवतील आणि विचारतील, "एवढी वाट त्यानं सोडली कशाला असेल रे?" आणि गप्प राहतील.

मला भारावून टाकतं ते हे गप्प राहणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या सुमाराला विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं घड्याळ लावून ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात? सरासरी जेमतेम एक सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की पुढचा प्रश्न, नाहीतर पुढचा मुलगा. मग तिने शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. फक्त तीन. मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, एरवी तोंड न उघडणारी मुलं बोलू लागली, मुलं स्वतःच प्रश्न विचारू लागली. आणखी एक गोष्ट तिला दिसली, ती वाचून जीव कळवळतो: हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक जास्त थांबत, मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळेची गरज जास्त, त्याच्याच वाट्याला तो कमी येत होता, आणि शिक्षकांच्या ते ध्यानीमनीही नव्हतं.

उत्तराची वाट पाहताना डोक्यात काय घडतं, हेही आता थोडंफार दिसू लागलं आहे. 2014 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे मथियास ग्रूबर, चरण रंगनाथ आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवून सामान्यज्ञानाचे प्रश्न दाखवले. काहींची उत्तरं जाणून घ्यायची त्यांना फार उत्सुकता होती, काहींची मुळीच नाही. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये 14 सेकंद जायचे आणि तेवढ्यात पडद्यावर एक अनोळखी चेहरा चमकून जायचा, प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेला. उत्सुकता होती त्या प्रश्नांची उत्तरं चांगली लक्षात राहिली, यात नवल नाही. नवल पुढेच आहे: उत्सुकतेच्या त्या सेकंदांत दिसलेले चेहरेही जास्त लक्षात राहिले! त्या वेळी मेंदूतला बक्षिसाची चाहूल ओळखणारा भाग आणि आठवणी बांधणारा भाग जोडीने काम करत होते. कुतूहलाने दार उघडलं की त्यातून दारात उभा असलेला परकाही आत येतो.

म्हणजे बाई गप्प बसल्या आहेत त्या अवधीत मुलांना शेजारच्या केतकीचा वास, पायाखालची गार वाळू, मित्राने केलेला वेडगळ तर्क, सगळंच लक्षात राहण्याचा संभव वाढलेला असतो.

अर्थात प्रश्नात दम हवा. सातचा पाढा विचारून तीन सेकंद थांबलं तर मुलाच्या पोटात गोळाच येईल. आणि ज्याने खेकडा पाहिलाच नाही, त्याला आधी दाखवावं लागतं, सांगावं लागतं.

उत्तर चटकन सांगून टाकलं की विचार थांबतो; मग कामावर दिलेल्या गुणांचं काय? इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना कामावर नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांची गोडी टिकली, कामही सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा फायदा झाला नाही. आकडा दिसला की मुलाच्या लेखी विषय मिटतो, असं मला वाटतं.

वेळणेश्वरच्याच जिल्ह्यात, दापोलीजवळच्या पालगडला 1899 साली जन्मलेल्या एका शिक्षकाला यातलं काहीही वाचायला मिळालं नव्हतं. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त. गुरुजी रागावले नाहीत, नियमांची पाटीही लावली नाही. मुलं नसताना ते खोल्या आवरून ठेवत, पडलेले कपडे धुऊन टाकत. परत आलेल्या मुलाला घडी घातलेले कपडे दिसत आणि समोर सुनावणारं कोणी नसे. पुढचं त्याचं त्यालाच स्वतःला विचारावं लागे. मुलं आपणहून आवरू लागली. याच मुलांसाठी गुरुजी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. शब्दांची त्यांच्याकडे वाण नव्हती. पण कुठे बोलायचं नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं.

पुळणीवर एव्हाना तीन सेकंद कधीच होऊन गेलेत. एक म्हणतो, दुसऱ्या खेकड्याला यायला वाट. दुसरी म्हणते, वाळू संपली असेल. बाई मान डोलावतात, बोलत नाहीत. एवढ्यात एकाची सावली बिळावर पडते आणि खेकडा त्या मोकळ्या वाटेवरून, एकाही गोळीला न अडखळता, क्षणात आत.

"पळायला! बाई, पळायला ठेवलीय!"

कोणी वहीत लिहून घेत नाही. मागे उभी असलेली, वर्गात कधी न बोलणारी एक मुलगी बिळाकडे बघत विचारते, "पण बाई, भरती आली की तो आत बुडत नाही?"

बाई तिच्या शेजारी वाळूत बसतात. आणि पुन्हा थांबतात.