टायरगाडीच्या चाकाचे बेअरिंग

जुन्या लाकडी गाडीचे चाक आपण सर्वांनी पाहिले आहे. मधे तुंबा, तुंब्यात आरे, आऱ्यांवर लोखंडी धाव. तुंब्यातल्या नळीत आस घासत राही. म्हणून गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असे, आणि गाडीवान दर मुक्कामाला वंगण घाली. वंगण सरले की चाक कुरकुर करी. सारा गाव ऐके.

आता उसाच्या रानात टायरगाडी आली. तिच्या चाकात आस घासत नाही. आस आणि तुंबा यांच्यामधे पोलादाचे छोटे छोटे रूळ बसवलेले असतात. चाक फिरले की हे रूळ लोळतात. जड ओंडका जमिनीवरून ओढून पाहा, आणि मग त्याखाली गोल दांडे घालून ढकलून पाहा. जो फरक पडतो तोच फरक येथे आहे. या रुळांच्या कड्याला बेअरिंग म्हणतात. दोन टनांच्या वर ऊस भरला तरी बैलांना गाडी ओढवते, ती या रुळांच्या जिवावर.

पण हे बेअरिंग तुंब्याच्या आत झाकलेले असते. ते झिजले तर चटकन कळत नाही. हंगामात तोडीची टोळी उचल घेऊन आलेली असते. गाडी एक दिवस उभी राहिली तर नवरा-बायकोची दिवसाची मजुरी बुडते. आणि भरली गाडी रस्त्यात बसली, चाक निखळले, तर बैलाचा पाय मोडतो किंवा माणूस दडपतो. म्हणून बेअरिंग कसे बदलावे ते आपण येथे पाहू. हे काम हातच्या हत्यारांनी होते. मात्र घाई चालत नाही.

बेअरिंग खराब झाले हे ओळखावे कसे? रिकामी गाडी चालताना चाकातून गुरगुर किंवा खरखर ऐकू येते. तुंब्याला हात लावला तर चटका बसतो. टायर एकाच कडेने झिजतो. तरी शंका राहिली तर चाक जमिनीवरून उचलावे, वर एक हात आणि खाली एक हात धरून आत-बाहेर हलवावे. खडखड लागली तर आतला नट सैल झाला आहे किंवा बेअरिंग झिजले आहे. मग चाक हाताने फिरवावे आणि कान देऊन ऐकावे. चांगले बेअरिंग सुळकन फिरते. खराब बेअरिंग जात्यात खडा अडकल्यासारखे वाजते.

आता कामाला लागू. गाडी पूर्ण रिकामी करावी. बैल सोडून दूर बांधावेत. जागा सपाट आणि कडक हवी. नांगरलेल्या रानात हे काम करू नये. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावावेत. गाडीच्या दांड्या पुढे टेकू देऊन स्थिर कराव्यात. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. चाक उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते.

मग जॅक लावून गाडी उचलावी आणि आसाखाली लाकडाचे जाड ठोकळे रचावेत. गाडीचे ओझे ठोकळ्यांवर आले पाहिजे. कुणी म्हणेल, दोन मिनिटांचे काम, जॅक पुरे आहे. तसे मुळीच करू नये. जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. विटा रचू नयेत. वीट ओझ्याखाली अचानक फुटते. लाकूड तसे फुटत नाही, आधी करकरते.

आणखी एक धोका. काही चाकांची रिम दोन तुकडे नट-बोल्टांनी जोडून केलेली असते. हे जोडाचे नट वेगळे आणि चाक तुंब्याला धरणारे नट वेगळे. टायरमधे हवा असताना जोडाचे नट कधीही सोडू नयेत. रिम बंदुकीच्या गोळीसारखी उडते. कोणता नट कोणता हे कळत नसेल तर आधी टायरमधली सारी हवा सोडून द्यावी.

चाक निघाले की तुंब्याच्या तोंडावरची पत्र्याची टोपी दिसते. तिच्या कडेने हलके हलके ठोकून ती काढावी. आत खाचांचा नट आहे आणि खाचेतून आरपार गेलेली पिन आहे. पक्कडीने पिनेचे पाय सरळ करून ती ओढावी. नट आणि वायसर काढावे. आता तुंबा दोन्ही हातांनी थोडा पुढे ओढला की बाहेरचे छोटे बेअरिंग हातात येते. मग तुंबा सरळ ओढून काढावा. आतले मोठे बेअरिंग तुंब्याच्या मागच्या बाजूला असते. त्याच्या पाठीवर रबराचे सील असते. सील उचकटून काढावे. ते पुन्हा वापरायचे नाही. काढलेले सामान स्वच्छ फडक्यावर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवावे.

प्रत्येक बेअरिंगचे दोन भाग असतात. एक रूळ बसवलेला निमुळता भाग, तो आसावर बसतो. दुसरे नुसते पोलादी कडे, ते तुंब्यात ठोकून घट्ट बसवलेले असते. पहिल्याला कारागीर कोन म्हणतात, दुसऱ्याला कप. हे रूळ सरळ नसून निमुळते का? गाडी वळते तेव्हा चाकावर आडवा जोर येतो. सरळ रूळ तो जोर झेलत नाहीत, निमुळते झेलतात. गंमत अशी की ही युक्ती मोटारीसाठी निघाली नाही. अमेरिकेत सेंट लुइस शहरात हेन्री टिमकेन नावाचा घोडागाड्या बांधणारा होता. वळणावर गाडीच्या आसावर येणारा जोर त्याला सोडवायचा होता. १८९८ साली त्याने आणि त्याच्या जोडीदाराने निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. मोटारींनी ती युक्ती मागाहून उचलली. तेव्हा आपली बैलगाडी या बेअरिंगला परकी नाही.

सारे भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुवावेत. विस्तव आणि विडी लांब ठेवावी. धुतल्यावर उजेडात नीट पाहावे. रूळ आरशासारखे चकचकीत हवेत. त्यांवर बारीक खड्डे, ओरखडे किंवा निळी झाक दिसली तर बेअरिंग गेले. निळी झाक म्हणजे पोलाद तापल्याची खूण आहे. कोन आणि कप यांची जोडी एकदमच बदलावी. जुन्या कपात नवा कोन घातला तर नवाही लवकर जातो.

आता वाचता येणाऱ्या माणसाचे काम. बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. अंक इंग्रजी असतात, नोटेवर असतात तसे. फडक्याने पुसून तो नंबर वाचावा आणि कागदावर लिहून घ्यावा. आतले बेअरिंग आणि बाहेरचे बेअरिंग यांचे नंबर निराळे असतात, म्हणून दोन्ही लिहावेत. सीलवर नंबर असेल तर तोही लिहावा. दुकानात ‘टायरगाडीचे बेअरिंग द्या’ एवढे म्हणून भागत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा नंबर आहे ३०२०६. शेवटचे दोन अंक ०६. सहा पाचे तीस. म्हणजे या बेअरिंगचे भोक ३० मिलिमीटर आहे. नंबर ३०२०८ असेल तर आठ पाचे चाळीस, भोक ४० मिलिमीटर. आता ३२२०६ पाहा. ३०२०६ मधे आणि यात एकाच अंकाचा फरक आहे. भोक दोन्हींचे ३० मिलिमीटर. बाहेरचा घेर दोन्हींचा सारखा, आरपार ६२ मिलिमीटर. पण पहिल्याची जाडी सव्वासतरा मिलिमीटर आणि दुसऱ्याची सव्वाएकवीस. वरून पाहिले तर दोन्ही भाऊ-भाऊ दिसतात. चुकीचे बेअरिंग तुंब्यात बसतेसुद्धा, पण मग नट पुरेसा आत जात नाही, पिनेचे भोक जुळत नाही, आणि माणूस चिडून पिनेशिवाय गाडी जोडतो. म्हणून खोक्यावरचा नंबर वाचून थांबू नये. खोके उघडून बेअरिंगवरचाच नंबर कागदाशी ताडून पाहावा, आणि मगच पैसे द्यावेत. काही बेअरिंगांचे नंबर वेगळ्या पद्धतीचे असतात. त्यांना पाचाचा पाढा लागत नाही. तेथे नंबर जसाच्या तसा जुळवावा.

जुना कप काढताना पितळेचा किंवा नरम लोखंडाचा दांडा घ्यावा. तुंब्याच्या दुसऱ्या तोंडातून तो आत घालून कपाच्या कडेवर ठोकावे. एकदा या बाजूला, एकदा समोरच्या बाजूला. एकाच जागी ठोकले तर कप तिरका होऊन अडकतो. नवा कप याच रीतीने बसवावा. त्याचे रुंद तोंड बाहेरच्या बाजूला हवे, म्हणजे रूळ त्यात बसतील. कप तळाला टेकला की हातोड्याचा आवाज बदलतो, भरीव येतो. बेअरिंगवर थेट हातोडा मारू नये. ते पोलाद कडक असते आणि त्याची कपची उडून डोळ्यात जाते. डोळ्यांवर चष्मा असला तर फार बरे.

ग्रीस भरणे हे या कामातले मुख्य काम आहे. बाहेरून नुसते माखून काही उपयोग नाही. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यावा. कोनाची रुंद बाजू त्या गोळ्यावर दाबत जावे, म्हणजे ग्रीस रुळांमधून वर निघते. असे सारे कडे भरावे. तुंब्याच्या पोकळीत निम्म्यापर्यंत ग्रीस पुरे. ठासून भरली तर ती तापते आणि सीलमधून बाहेर येते. जुन्या ग्रीसमधे नवी मिसळू नये. आणि ग्रीसमधे मातीचा कण जाऊ देऊ नये. वाऱ्यात, खळ्याशेजारी हे काम करू नये ते याचसाठी.

आतला कोन तुंब्यात ठेवून त्यावर नवे सील बसवावे. सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, सपाट बाजू बाहेर. मग तुंबा आसावर सरळ चढवावा, बाहेरचा कोन, वायसर आणि नट लावावा.

नट किती आवळावा, येथेच पुष्कळ लोक फसतात. आमच्या मते बेअरिंग झिजून जातात त्याहून जास्त आवळून जातात. रीत अशी: तुंबा हाताने फिरवत फिरवत पान्याने नट आवळावा, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात. तुंबा जड फिरू लागला की नट पूर्ण सैल करावा. मग नुसत्या बोटांनी, पाना न लावता, लागेल तेवढा घट्ट करावा. नटाची खाच पिनेच्या भोकाशी जुळली नाही तर नट थोडा सोडून जुळवावी, आवळून जुळवू नये. तुंबा मोकळा फिरावा, पण हलवला तर खडखडू नये.

पिन नवी घालावी आणि तिचे पाय दोन्हीकडे वाकवावेत. तार, खिळा, सायकलची काडी यांपैकी काही चालणार नाही. कैकेयीने रथाच्या आसात आपला हात घातला ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. आपल्या गाडीवर ती पाळी येऊ नये. सगळ्या सामानात पिन सर्वांत स्वस्त आहे.

आस जेथे बेअरिंग बसते तेथेच झिजला असेल, किंवा नटाचे आटे गेले असतील, तर हे घरचे काम नाही. आस लेथवाल्याकडे न्यावा. तसेच मोटारीचे. आजच्या पुष्कळ मोटारींत बेअरिंग यंत्राने दाबून बसवलेले असते. ते हातोड्याने बसवू गेले तर नवे बेअरिंग तेथल्या तेथे खराब होते.

टोपी आणि चाक बसवावे. चाकाचे नट समोरासमोरचे धरून आळीपाळीने आवळावेत, आणि चाक जमिनीवर टेकल्यावर पुन्हा एकदा. पहिल्या दिवशी गाडी रिकामी दोन किलोमीटर चालवून थांबावे आणि तुंब्यावर हात ठेवावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे; गाडी तशीच पुढे न नेता तो एक खाच सैल करावा. दुसऱ्या दिवशी ऊस भरण्याआधी चाकाचे नट पान्याने पुन्हा तपासावेत.