कमीत कमी सामानात मोठ्यात मोठे छप्पर

जे घर फक्त सहा महिने उभे राहायचे आहे, ते कसे बांधावे? त्यात रोज हजारो माणसे येणार, म्हणजे ते मजबूत तर हवेच. पण ते परदेशात उभारायचे आहे, तेव्हा सामान कमी हवे. आणि सहा महिन्यांनी ते उतरवायचेही आहे. नेहमीच्या इमारतींच्या वाट्याला अशा अटी क्वचितच येतात. जागतिक प्रदर्शनातल्या राष्ट्रीय दालनांच्या वाट्याला मात्र त्या हमखास येतात.

१८५१ साली लंडनला पहिले मोठे जागतिक प्रदर्शन भरले, तेव्हा सगळे देश काच आणि लोखंडाच्या एकाच प्रचंड इमारतीत, 'क्रिस्टल पॅलेस'मध्ये, दाटीवाटीने बसले होते. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मुख्य इमारतीभोवतीच्या बागेत वेगवेगळ्या देशांनी आपापल्या बांधकामांची दालने उभारली. पुढे ही रीतच पडली. अनेक दालने नुसती दिखाऊ असतात: आपल्या देशातल्या एखाद्या राजवाड्याची किंवा देवळाची नक्कल, आत पुठ्ठा आणि प्लास्टर. पण काही वेळा वास्तुशास्त्रज्ञ आणि अभियंते वरच्या अटी मनावर घेतात. मग ते दालन म्हणजे पदार्थविज्ञानाची एक उघडी प्रयोगशाळाच होते. अशी तीन दालने आपण पाहू. तिन्हींपुढे प्रश्न एकच होता: कमीत कमी सामान वापरून जास्तीत जास्त जागा कशी झाकायची?

त्रिकोणांचा गोल

१९६७ साली कॅनडातल्या मॉन्ट्रिऑल शहरात, सेंट लॉरेन्स नदीतल्या बेटांवर प्रदर्शन भरले होते. तेथील अमेरिकेचे दालन म्हणजे ७६ मीटर व्यासाचा आणि ६२ मीटर उंचीचा एक पारदर्शक गोल होता. त्याचा तळाकडचा थोडा भाग तेवढा कापलेला. शोजी सादाओ यांच्या साथीने त्याची रचना केली होती बकमिन्स्टर फुलर यांनी.

या गोलाचे मर्म वर्गात काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरून दाखवता येते. चार काड्यांचा चौकोन करून कोपऱ्यावर बोटाने दाबा. तो लगेच कलंडतो आणि त्याचा समभुज चौकोन होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र काडी मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. कारण साधे आहे: तिन्ही बाजूंची लांबी ठरली की तिन्ही कोन आपोआप ठरतात. चौकोनाच्या बाबतीत तसे होत नाही.

आता त्रिकोण एकमेकांना जोडत जा. एका सांध्यावर सहा समभुज त्रिकोण जोडले तर ६ × ६० = ३६० अंश भरतात आणि सपाट जाळी मिळते. पाचच जोडले तर ३०० अंश होतात. ६० अंशांची तूट भरून काढायला जाळी मध्यावर उचलली जाते, तिला फुगवटा येतो. प्रत्येक सांध्यावर पाच काड्या ठेवत गेलो की ३० काड्या, १२ सांधे आणि २० त्रिकोणांचा एक बंद चेंडू तयार होतो. फुलर यांच्या रचनेत याच चेंडूचे त्रिकोण आणखी लहान त्रिकोणांत विभागून सगळे सांधे गोलाच्या पृष्ठभागावर आणलेले असतात. विभागणी कितीही बारीक केली तरी पूर्ण गोलात पाच काड्यांचे सांधे बरोबर बाराच राहतात. बाकी सगळे सहाचे. १९८५ साली ६० कार्बन अणूंच्या पोकळ रेणूचा शोध लागला, तेव्हा हॅरी क्रोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच घुमट आठवले. म्हणून त्या रेणूचे नाव 'बकमिन्स्टरफुलरीन' ठेवले गेले. त्यातही पंचकोन बाराच आहेत.

सामानाच्या बचतीचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांकडून करून घ्यावा. कापलेल्या गोलाचे वक्रपृष्ठफळ २πrh या सूत्राने काढतात. r = ३८ मीटर आणि h = ६२ मीटर धरले तर ते सुमारे १४,८०० चौरस मीटर येते. आतले घनफळ सुमारे २ लाख ९ हजार घनमीटर भरते. तेवढ्याच घनफळाची घनाकृती खोली बांधायची तर तिची बाजू साधारण ५९.४ मीटर हवी. तिच्या चार भिंती आणि छप्पर मिळून १७,६०० चौरस मीटरांहून थोडे जास्त होतात. म्हणजे घुमटाला सुमारे १६ टक्के कमी आवरण पुरते. शिवाय आत एकही खांब लागत नाही, कारण वजन पोलादी नळ्यांच्या जाळीतून सगळीकडे वाटले जाते.

पण या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे ऊन. सांगाड्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचे तक्ते बसवले होते. खिडक्या बंद करून उन्हात उभी केलेली एस.टी. आतून कशी तापते ते आपण जाणतोच. ऊन आत येते, पण तापलेली हवा बाहेर जात नाही. त्यावर उपाय म्हणून सूर्याच्या स्थितीप्रमाणे उघडझाप करणारे, मोटारींवर चालणारे त्रिकोणी पडदे लावले होते. ही यंत्रणा काही नीट चालली नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे ॲक्रिलिक जळते. २० मे १९७६ रोजी दुरुस्तीचे काम चालू असताना आग लागली आणि घुमटाचे सगळे आवरण बघता बघता जळून गेले. पोलादी सांगाडा मात्र उभा राहिला. १९९५ पासून त्या सांगाड्याच्या आत पर्यावरणाचे संग्रहालय आहे. आवरण परत बसवलेले नाही.

साबणाच्या पापुद्र्याचा तंबू

त्याच प्रदर्शनात पश्चिम जर्मनीचे दालन होते. रोल्फ गुटब्रोड आणि फ्राय ओटो हे त्याचे रचनाकार. फ्राय ओटो दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. नंतर फ्रान्समध्ये युद्धकैदी असताना छावणीतील बांधकामाचे काम त्यांच्याकडे आले. सामान मिळत नसे, तेव्हा थोडक्यात भागवण्याचा विचार त्यांना तिथेच करावा लागला.

त्यांच्या दालनाला भिंती आणि छप्पर असे वेगळे काही नव्हते. आठ उंच-सखल खांबांवरून पोलादी दोरांची जाळी ताणून बसवली होती आणि तिच्या खाली प्रकाश झिरपू देणारे कापड लावले होते. सुमारे ८,००० चौरस मीटर जागा अशा तंबूखाली आली होती.

अशी जाळी बांधायची तर तिला आकार कोणता द्यायचा? त्याचे उत्तर ओटो यांनी साबणाच्या पाण्याला विचारले. हा प्रयोग शिक्षकांच्या कार्यशाळांमध्ये आम्ही नेहमी करतो. त्याला खर्च जवळजवळ नाही. तारेचे एक कडे वाकवून त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू वर आणि उरलेल्या दोन खाली करा. ते साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढा. कड्यात जो पापुद्रा दिसतो तो सपाट नसतो, घोड्याच्या खोगिरासारखा असतो. पृष्ठताणामुळे पापुद्रा आपले क्षेत्रफळ होईल तितके कमी करतो. आणि त्याच्यातील ओढ प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक दिशेला सारखीच असते. कापड किंवा दोर फाटतो तो जिथे ओढ जास्त पडते तिथे. ओढ सगळीकडे सारखी असेल तर कुठेच जास्त जाड सामान घालावे लागत नाही.

खोगिरासारखा आकार आणखी एका कारणाने उपयोगाचा असतो. दोरीवर वाळत घातलेले धोतर वाऱ्याने फडफडते, कारण ते एकाच दिशेला वाकलेले असते. खोगिरात एका दिशेचे दोर खाली झोळ देऊन असतात, तर आडव्या दिशेचे दोर वर कमान करून. वरून बर्फाचा भार आला की पहिले दोर तो पेलतात. वारा छप्पर उचलू लागला की दुसरे त्याला खाली धरून ठेवतात.

छप्पर अगदी सपाट ताणून का चालत नाही, हेही कपड्यांच्या दोरीवरून कळते. ओल्या कपड्यांच्या दोरीचा झोळ निम्मा करायचा तर तिच्यातील ओढ जवळजवळ दुप्पट करावी लागते. झोळ शून्य करू म्हटले तर कितीही ओढ पुरणार नाही. म्हणून कमी सामानाच्या छपराला वक्रता लागतेच.

त्या काळच्या संगणकांना ही गणिते झेपणारी नव्हती. म्हणून तारांच्या लहान प्रतिकृती करून, त्यांची मापे घेऊन दोरांची लांबी ठरवली गेली. जाळीचे भाग जर्मनीत तयार करून कॅनडाला नेले गेले. दालन प्रदर्शनानंतर उतरवले गेले, पण त्याची पद्धत टिकली. जाळी आधी तपासून पाहण्यासाठी स्टुटगार्टला एक छोटा तंबू उभारला होता. त्यातच पुढे हलक्या बांधकामांच्या संशोधन संस्थेला जागा मिळाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक क्रीडांगणावर आजही दिसणारे छप्पर याच घराण्यातले आहे.

पुठ्ठ्याच्या नळ्या

तिसरे दालन आहे २००० सालच्या, जर्मनीतील हॅनोव्हर प्रदर्शनातले. ते जपानचे होते आणि त्याचे वास्तुरचनाकार होते शिगेरू बान. त्यांचे सल्लागार म्हणून वयाची सत्तरी ओलांडलेले फ्राय ओटो काम करत होते. या दालनाचा मुख्य सांगाडा पुठ्ठ्याच्या नळ्यांचा होता. कापडाच्या दुकानात तागे गुंडाळायला असतात त्याच जातीच्या, पण १२ सेंटिमीटर व्यासाच्या. त्यांची जाळी आधी सपाट मांडून मग हळूहळू वर उचलली आणि तिला लाटेसारखा आकार दिला. त्यातून सुमारे ७४ मीटर लांब आणि १६ मीटर उंच दालन तयार झाले.

कागद भार कसा पेलतो? वहीचा एक कागद उभा धरून त्यावर पुस्तक ठेवा. कागद लगेच वाकेल. तोच कागद गुंडाळून नळी करा, कडा चिकटवा आणि नळी उभी ठेवून वर पुस्तके रचत जा. मुलांना आधी अंदाज करायला सांगावा; तो बहुधा कमीच निघतो. पातळ वस्तू दाबाखाली चिरडण्याआधी वाकून पडते. तिचे द्रव्य मध्यापासून दूर नेले की वाकणे अवघड होते. बांबू आतून पोकळ असूनही ताठ राहतो तो यामुळेच.

बान यांचा खरा प्रश्न मात्र पुढचा होता: सहा महिन्यांनंतर या सामानाचे काय? म्हणून त्यांनी पायाला काँक्रीटऐवजी वाळू भरलेली खोकी वापरली. नळ्यांच्या पुठ्ठ्याचा पुन्हा कागद करायचा हे आधीच ठरवले होते. सगळेच मनासारखे झाले नाही. जाळीला लाकडी कमानींची जोड द्यावी लागली. छप्पर नुसत्या कागदाचे करायचे होते, पण आगीच्या नियमांमुळे त्यावर प्लास्टिकचा थर आला. मॉन्ट्रिऑलच्या घुमटाचे काय झाले ते लक्षात घेतले, तर नियम करणाऱ्यांना नुसता दोष देता येत नाही.

हिशेबात काय काय धरायचे?

तिन्ही दालने एकापुढे एक ठेवली की ध्यानात येते की 'कमी सामान' या शब्दांचा अर्थ दर वेळी थोडा बदललेला आहे. फुलर यांनी आवरण मोजले. ऊन आणि आग यांची बाजू कच्ची राहिली. ओटो यांनी ओढ मोजली आणि त्यांच्या पद्धतीला वारस मिळाले. बान यांनी वापर संपल्यावर काय उरते तेही मोजायला घेतले. त्यांना सुरक्षिततेसाठी थोडी तडजोड करावी लागली. इमारत हलकी आहे एवढे म्हणून भागत नाही. ती थंड ठेवायला किती ऊर्जा लागेल, ती पेटली तर काय होईल आणि मोडल्यावर कुठे जाईल, हे सगळे त्याच वहीत लिहावे लागते.

हा केवळ प्रदर्शनांपुरता प्रश्न नाही. जानेवारी २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला. त्यानंतर बान यांनी भूज येथे बेघर झालेल्यांसाठी कागदी नळ्यांची घरे बांधली. पडलेल्या इमारतींचा राडारोडा पायात भरला, त्यावर मातीची जमीन केली, छपराला बांबूच्या कमानी आणि वेताच्या चटया वापरल्या. रातोरात निवारा लागतो तेव्हा थोड्या सामानात भागवणे ही हौस राहत नाही.

आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनाला मांडव पडतो, तेही एक तात्पुरते दालनच आहे. बांबू, सुतळी आणि कापड, सगळे दुसऱ्या दिवशी सोडून पुढच्या मांडवाला जाते. येत्या संमेलनाला मुलांना वही घेऊन मांडववाल्यांजवळ बसवावे. बांबू किती लागले, तिरके आधार कुठे दिले आणि त्यामुळे त्रिकोण कुठे झाले, कापडाला झोळ किती ठेवला, दुपारी आत किती तापले, बाहेर पडायच्या वाटा किती, आणि शेवटी फेकून काय द्यावे लागले, याची नोंद त्यांनी करावी. या वहीतला प्रत्येक रकाना वरच्या तीन दालनांपैकी कुठल्या ना कुठल्या दालनाला लागू पडतो.