युनिक्समधील फाइल-परवानग्या, डिरेक्टरीची मालकी आणि गुणनोंदींची सुरक्षितता

प्रस्तावना
नेपानगरची ओळख वर्तमानपत्राच्या कागदाशी जोडलेली आहे. देशातील पहिला न्यूजप्रिंट कारखाना १९५०च्या दशकात येथे सुरू झाला. कागदी नोंदींच्या काळात गुणांची वही कपाटात आणि किल्ली जबाबदार व्यक्तीजवळ असे. आज ती वही संगणकात गेली आहे; किल्ली कोणाजवळ, हा प्रश्न मात्र कायम आहे. युनिक्स आणि त्याच धाटणीची लिनक्स या प्रणालींनी त्याला दिलेल्या उत्तराचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परवानग्यांची रचना
१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. या प्रणालीत प्रत्येक फाइलला एक मालक व एक गट असतो. बाकीचे सर्व 'इतर'. तिघांनाही वाचणे, लिहिणे व चालवणे या परवानग्या स्वतंत्रपणे देता येतात. त्यांचे अंक अनुक्रमे ४, २ आणि १. म्हणून ६४० याचा अर्थ मालकाला वाचन-लेखन, गटाला केवळ वाचन, इतरांना काहीच नाही.

डिरेक्टरीची मालकी
डिरेक्टरीच्या बाबतीत याच परवानग्यांचा अर्थ बदलतो. वाचणे म्हणजे आतील नावांची यादी पाहणे, चालवणे म्हणजे आत प्रवेश करणे आणि लिहिणे म्हणजे नावे घालणे, काढणे वा बदलणे. खरा धोका येथेच आहे.

समजा, गुणांची फाइल शिक्षकाच्या मालकीची असून इतरांना ती केवळ वाचता येते. परंतु ती ठेवलेल्या डिरेक्टरीत सर्वांना प्रवेशाची व लिहिण्याची परवानगी आहे. विद्यार्थी त्या फाइलमधील एक अंकही बदलू शकत नाही. मात्र तो ती फाइल काढून टाकून त्याच नावाची, वाढीव गुणांची नवी फाइल तेथे ठेवू शकतो. नाव तेच राहते; बदलतो तो मालक. म्हणून यादी तपासताना मालकाचे नावही पाहावे.

सर्वांना लिहिता येणारी डिरेक्टरी आवश्यकच असेल, तर 'स्टिकी बिट' लावावा. मग दुसऱ्याची फाइल साध्या वापरकर्त्याला काढता येत नाही. तो अधिकार फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि सर्वाधिकारी 'रूट' यांनाच उरतो.

उसना अधिकार
काही प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर मालकाच्या अधिकाराने चालतात. या सोयीला 'सेटयूआयडी' म्हणतात. रूटच्या मालकीच्या अशा प्रोग्राममध्ये दोष राहिला, तर साधा वापरकर्ताही रूट होऊ शकतो. 'पीकेएक्सेक' या प्रोग्राममधील असा दोष २००९ पासून दडलेला होता. तो जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला.

निष्कर्ष
'चालत नाही' म्हणून ७७७ देणे म्हणजे कपाट उघडे टाकणे होय. गुणांच्या डिरेक्टरीची मालकी शिक्षकाकडे, गट परीक्षा समितीचा आणि परवानगी ७५० ठेवावी; आतील फाइलना ६४० पुरे. वरच्या डिरेक्टरीही तपासाव्यात, कारण तेथे लिहू शकणारा संपूर्ण डिरेक्टरीचेच नाव बदलून तिच्या जागी दुसरी ठेवू शकतो. रोजच्या कामासाठी रूटचे खाते वापरू नये.

मालक, दप्तर, परवानगी हे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आणि रुळले. 'अनामत' हा त्यांचाच सोबती. त्याचे मूळ 'अमानत'. विद्यार्थ्याचे गुण ही शिक्षकाजवळची अमानत आहे, आणि ती सांभाळण्यासाठी हे तीन अंक समजून घेणे प्रत्येक शिक्षकाला शक्य आहे.